आधी ऊन, मग माती

हिवाळ्यात पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये आणि भायखळ्याच्या राणीच्या बागेत पुष्पप्रदर्शने भरतात. तिथून परतणाऱ्यांच्या हातात हमखास एखादे रोप असते, आणि त्यातली बरीच रोपे पुढचा पावसाळा पाहत नाहीत. मग कुणी म्हणते, आमच्या हाताला गुणच नाही. कुणी नर्सरीवाल्याला नावे ठेवते, तर कुणी नवे औषध शोधायला निघते. हौशी बागकामावर आज मराठीत सल्ल्यांची वानवा नाही. वर्तमानपत्रांच्या पुरवण्या, कृषी विद्यापीठांच्या पुस्तिका, गच्चीवरच्या बागेचे वर्ग, मोबाइलवरचे व्हिडिओ, सगळीकडे माहिती ओसंडून वाहते आहे. मात्र यातली बहुतेक माहिती दोनच प्रश्नांभोवती फिरते: काय लावावे आणि त्याला काय घालावे. माझ्या मते हे दोन्ही प्रश्न नंतरचे आहेत. झाड जगणार की नाही हे त्याआधीच ठरलेले असते: त्या जागेवर वर्षातल्या कोणत्या महिन्यांत किती ऊन पडते आणि कुंडीतल्या मातीत पाण्याबरोबर हवेलाही जागा आहे की नाही, यावर. घरच्या बागेसाठी आजवर सुचवलेल्या कल्पना आणि युक्त्या या कसोटीवर घासून पाहिल्या, तर त्यातल्या काही फार मोलाच्या ठरतात, काही निरुपद्रवी आणि काही निव्वळ खर्चाच्या.

आधी उन्हाचे पाहू, कारण त्यावर इलाज सर्वांत कमी आहे. आपले डोळे या बाबतीत आपल्याला फसवतात. भर उन्हात प्रकाश सुमारे 1 लाख लक्स असतो, तर दिवाणखान्यात खिडकीपासून थोडे आत तो काही शे लक्सवर येतो. बाहुली मोठी होते म्हणून आपल्याला खोली उजळ वाटते. पानांना अशी सोय नाही. टोमॅटो, मिरची, वांगे, भेंडी अशा फळभाज्यांना रोज सहा तास थेट ऊन लागते. पालक, मेथी, अळू, पुदिना तीन-चार तासांवर भागवून घेतात. इतके बहुतेकांना ठाऊक असते. फारसे न सांगितले जाणारे असे की महाराष्ट्रात ऊन आपली बाजू बदलते. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहोत, म्हणून मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. डिसेंबरात तोच दक्षिणेकडे जेमतेम 48 अंशांपर्यंत चढतो. परिणाम असा की दक्षिणेच्या बाल्कनीत हिवाळ्यात ऊन खोलवर आत येते आणि जूनमध्ये जवळजवळ येतच नाही. उत्तरेच्या बाल्कनीला उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन मिळते, हिवाळ्यात काहीच नाही. पश्चिमेच्या बाल्कनीत एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर जे ऊन पडते, त्यात पालेभाजी करपते. तिथे पन्नास टक्क्यांची शेडनेट लावल्यावाचून गत्यंतर नसते.

यातून पेरणीचे वेळापत्रक आपोआप निघते, आणि ते परदेशी पुस्तकांतल्या वेळापत्रकाशी जुळत नाही. थंड देशांत बागकामाचा हंगाम वसंतात सुरू होतो. आपल्याकडे वसंत म्हणजे पानगळीचा आणि तापत्या कुंड्यांचा काळ. टोमॅटो, फुलकोबी, गाजर, मटार यांची खरी वेळ पाऊस सरल्यावर, सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर, आणि नेमक्या याच काळात दक्षिणेची बाल्कनी उजळू लागते. म्हणून दक्षिणमुखी फ्लॅटमधल्या माणसाने टोमॅटो ऑक्टोबरात लावावा आणि जूनमध्ये त्याचा हट्ट धरू नये. पावसाळा दोडका, दुधी, काकडी, कारले या वेलांचा, पण तो उघड्या गच्चीवर. उन्हाळ्यात गवार, भेंडी, तांदुळजा तग धरतात. उत्तरमुखी घरात फळभाज्यांचा नाद सोडून मायाळू, अळू, गवती चहा, पुदिना यांवर समाधान मानणे शहाणपणाचे. हे काहींना निराशाजनक वाटेल, पण चुकीच्या बाजूला लावलेल्या झाडाला दर आठवड्याला नवे टॉनिक पाजण्यापेक्षा बरेच स्वस्त आहे.

आता माती. इथे सर्वांत मोठा गैरसमज असा की कुंडी म्हणजे छोटे शेत. शेतात पाणी खाली झिरपत जाते, कारण खाली आणखी माती असते. कुंडीत आठ-दहा इंचांवर तळ येतो आणि तळाजवळची माती केशाकर्षणाने पाणी धरून ठेवते. भोक कितीही मोठे असले तरी त्या थरातले पाणी गळत नाही. माती जितकी बारीक कणांची, तितका हा ओला थर जाड. म्हणून दख्खनची काळी माती शेतात कापसाला कितीही मानवत असली, तरी कुंडीत घातक ठरते. भिजली की फुगून हवेच्या जागा बुजवते, वाळली की आकसून कडा सोडते, आणि मग घातलेले पाणी मुळांना न भेटता कडेने निघून जाते. निचरा व्हावा म्हणून तळाशी खड्यांचा किंवा विटांच्या तुकड्यांचा जाड थर घालायची आपल्याकडची जुनी पद्धत याच कारणाने फसते. बारीक मातीतले पाणी ती पुरती भिजल्याशिवाय जाड खड्यांच्या थरात उतरतच नाही, त्यामुळे ओला थर तितकाच राहून वर सरकतो आणि मुळांची जागा कमी होते. माती वाहून जाऊ नये म्हणून भोकावर एक खापर ठेवावे, तेवढे पुरे. हवा हवी असेल तर ती मिश्रणातच आणावी लागते. एक भाग लाल माती, एक भाग चांगले कुजलेले कंपोस्ट किंवा गांडूळखत, आणि एक भाग कोकोपीट, पालापाचोळ्याचे खत, भाताचे तूस किंवा उसाची चिपाडे, असे साधे प्रमाण बहुतेक झाडांना चालते. कोकोपीट वापरणाऱ्याने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. त्यात अन्नद्रव्ये नावालाच असतात, आणि वरून कोरडे दिसले तरी ते आत ओले असते. घरातली कुंडीतली झाडे पाण्यावाचून मरतात त्याहून जास्त रोज पाणी मिळाल्याने मरतात. मुळे श्वास घेतात. त्यांना प्राणवायू मिळाला नाही की ती कुजतात, पाने मलूल होतात, आणि ते पाहून माणूस आणखी पाणी घालतो. बोट दोन पेरे आत घालून बघणे हे या विषयातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत विश्वासार्ह उपकरण आहे.

हलक्या, सेंद्रिय मिश्रणाचा हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी 'प्रयोग परिवार'मधून आणि 'विपुलाच सृष्टी' या पुस्तकातून जो विचार मांडला, त्याच्या मुळाशी वनस्पतिशास्त्रातले एक साधे सत्य होते: झाडाच्या कोरड्या वजनाचा जवळपास 95 टक्के भाग कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजनचा, म्हणजे हवा आणि पाण्यातून आलेला असतो. मातीतून घेतले जाते ते फार थोडे, पण ते योग्य रूपात मिळावे लागते. मग माती विकत आणण्यापेक्षा पालापाचोळ्यातून ती घडवणे हेच बागाईतदाराचे पहिले काम ठरते. मुंबईत वांद्र्याला डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर उसाची चिपाडे वापरून, जवळजवळ मातीवाचून शेती करून दाखवली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी तिथल्याच स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर बाग फुलवली. या तिन्ही प्रयोगांचे मोल पिकांच्या आकड्यांपेक्षा त्यांच्या क्रमात आहे. आधी घरातला किंवा आसपासचा कचरा मोजला, त्यातून माती बनवली, आणि त्या मातीत मावेल तेवढेच लावले. बाजारातल्या आजच्या कल्पना, म्हणजे भिंतीवरची उभी बाग, हायड्रोपोनिक्सचे संच, सजावटीच्या काचपेट्या, हा क्रम उलटा करतात. आधी साचा विकत घ्यायचा आणि मग त्याला आयुष्यभर पोसत राहायचे. हायड्रोपोनिक्सने लेट्यूस उत्तम येते हे खरे. वीज, द्रावण आणि मोजमाप यांचा कंटाळा नसणाऱ्याने ते जरूर करावे. पण त्याला मी बागकामापेक्षा उपकरणांचा छंद म्हणेन.

कंपोस्टवरचा नेहमीचा आक्षेप वासाचा आणि अळ्यांचा. तो खोटा नाही, पण त्यामागे जवळजवळ नेहमी एकच कारण असते. कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्राच्या एका भागामागे कार्बनचे 25 ते 30 भाग हवे असतात. भाजीच्या देठांत आणि उष्ट्यात नत्र आणि पाणी जास्त, वाळल्या पानांत कार्बन जास्त. नुसता ओला कचरा साठवला की हवा कोंडून तो सडतो आणि अमोनियाचा दर्प येतो. आकारमानाने दुप्पट वाळकी पाने मिसळली की वास जातो. अडचण अशी की आपल्याकडे पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्ये होते आणि कचरा सर्वांत जास्त चिघळतो तो जुलैत. म्हणून उन्हाळ्यात पाने पोत्यांत भरून कोरड्या जागी ठेवणे हा या पद्धतीचा कणा आहे, आणि नेमकी हीच पाने आपल्या शहरांत झाडून जाळली जातात. पाने जाळू नका, ज्यांना हवीत त्यांना द्या, असे सांगणारे गट पुण्यात उभे राहिले ते याच कारणाने. राहिल्या अळ्या. जाडसर, करड्या रंगाच्या ज्या अळ्या डब्यात दिसतात त्या बहुधा ब्लॅक सोल्जर माशीच्या. त्या कचरा झपाट्याने संपवतात आणि त्यांच्यापासून माणसाला उपद्रव नाही. हे कळूनही ज्याला त्या नकोशा वाटतील, त्याने वर पानांचा जाड थर ठेवावा. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला-सुका कचरा वेगळा करणे बंधनकारक केले आणि रोज 100 किलोहून जास्त कचरा निर्माण करणाऱ्या सोसायट्यांवर तो आवारातच जिरवायची जबाबदारी टाकली. तेव्हा कचरा वेगळा तर करायचाच आहे. त्याचे खत केले तर बागेचा निम्मा खर्च त्यातूनच सुटतो.

'काय घालावे' या प्रश्नाची लोकप्रिय उत्तरे आता तपासता येतात. अंड्याची टरफले म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ते आम्लधर्मी मातीत हळूहळू विरघळते, आणि दख्खनची माती व इथले कठीण पाणी मुळातच कॅल्शियमने भरलेले. टोमॅटोचे बूड काळे पडते तेव्हा कॅल्शियम मातीत असते, पण पाणी कधी फार, कधी मुळीच नाही अशा कारभारामुळे ते फळापर्यंत पोचत नाही. इलाज टरफलांत नसून नियमित पाण्यात आहे. केळीच्या सालींत पालाश असते, पण साली पाण्यात भिजवून ते पाणी घालण्याऐवजी त्या कंपोस्टमध्ये टाकल्या तर काहीच वाया जात नाही. एप्सम सॉल्ट मॅग्नेशियमची कमतरता असेल तरच उपयोगी. एरवी ती मिठाची भर. विदर्भातल्या सुभाष पाळेकरांचे जीवामृत घराघरांत पोचले आहे. त्यांचे प्रमाण एकरी 200 लिटरचे, म्हणजे एका चौरस मीटरला सुमारे 50 मिलिलिटर. चार चौरस मीटरच्या बाल्कनीला एक पेलाभर पुरते, आणि लोक ते बादलीने ओततात! शिवाय जीवामृत हे अन्नापेक्षा विरजणासारखे आहे. आच्छादनाचा पाला असेल तर त्याचे काम दिसते, उघड्या मातीवर फारसे नाही. रासायनिक खतांबद्दलचा सोवळेपणाही मला पटत नाही. कुंडीत अन्नाचा साठा थोडा आणि दर पाण्याबरोबर झिरपून जाणारा. फळे धरलेल्या वांग्याला पंधरवड्यातून एकदा लिटरला ग्रॅम-दोन ग्रॅम 19:19:19 दिले तर पाप लागत नाही. मात्र तीच मात्रा रोज दिली तर क्षार साचतात. मातीच्या कुंडीबाहेर पांढरी पुटे दिसू लागली की समजावे आणि भरपूर पाणी ओतून ती माती एकदा धुऊन काढावी.

नत्राचा अतिरेक किडीलाही आमंत्रण देतो. कोवळ्या, रसरशीत फुटीवर मावा आणि पिठ्या ढेकूण तुटून पडतात. जास्वंदीवर पिठ्या दिसला की लोक झाडावर फवारे मारतात आणि खोडावरून चढणाऱ्या मुंग्यांकडे दुर्लक्ष करतात. वास्तविक त्याच्या गोड चिकट स्रावासाठी मुंग्या त्याची राखण करतात, त्याच्या शत्रूंना हाकलतात. मुंग्यांची वाट तोडली आणि जोरदार पाण्याने फांदी धुतली तर अर्धे काम होते. उरलेल्यासाठी लिटरला पाच मिलिलिटर निंबोळी तेल, थोडा द्रव साबण, आणि वेळ संध्याकाळची, कारण कडुनिंबातले अझाडिरॅक्टिन उन्हात टिकत नाही.

गच्चीवरच्या बागेवर सोसायटीच्या सभेत जे आक्षेप येतात ते मात्र गांभीर्याने घ्यायला हवेत. पहिला वजनाचा. वापरातल्या गच्चीसाठी भारतीय मानक आयएस 875 मध्ये दर चौरस मीटरला दीड किलोन्यूटन, म्हणजे सुमारे 150 किलो, भार धरला आहे. ओल्या मातीचा एक फूट जाडीचा वाफा चौरस मीटरला 500 किलोंच्या आसपास जातो. गच्चीभर माती पसरून शेती करण्याची कल्पना इथेच निकालात निघते, आणि जुन्या इमारतीत तर तिचा विचारही करू नये. पाला, कंपोस्ट आणि कोकोपीट यांचे मिश्रण भिजल्यावरही मातीच्या साधारण निम्म्या वजनाचे असते. ते विलग कुंड्यांत, तुळई आणि खांबांच्या रेषेत ठेवले, स्लॅबच्या मधोमध गर्दी टाळली, तर भार आवाक्यात राहतो. शंका असेल तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारावे, नर्सरीवाल्याला नव्हे. दुसरा आक्षेप गळतीचा. कुंडी थेट फरशीवर टेकली तर तिच्याखाली सतत ओल राहते आणि ब्रिकबॅट कोब्याच्या भेगांत मुळे शिरतात. लोखंडी घोडीवर किंवा विटांवर चार-सहा इंच उंच ठेवलेल्या कुंडीखालून वारा खेळतो, झाडू फिरतो आणि गळती असेल तर दिसते. वड, पिंपळ, उंबराची उगवण दिसताच उपटावी; त्यात भाविकपणा आणू नये. तिसरा आक्षेप डासांचा, आणि तो सर्वांत खरा. डेंगी पसरवणारा एडिस डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत नवा डास तयार होतो. कुंडीखालच्या ताटल्या ही त्याची आवडती जागा. आठवड्यातून एकदा त्या घासून पुसायची तयारी नसेल तर पावसाळ्यात ताटल्या काढूनच टाकाव्यात. पालिकेचा माणूस येऊन नोटीस देईल म्हणून नाही, शेजाऱ्याच्या घरात ताप जाऊ नये म्हणून.

घरातली हवा शुद्ध करणाऱ्या झाडांचा बोलबाला थोडक्यात संपवण्याजोगा आहे. नासाच्या 1989 च्या प्रयोगात बंद पेटीत ठेवलेल्या झाडांनी रसायने शोषली, हे खरे. पण 2019 मध्ये कमिंग्ज आणि वेअरिंग यांनी अशा प्रयोगांची पुन्हा गणिते मांडली, तेव्हा नेहमीच्या खेळत्या हवेइतका परिणाम मिळवायला दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडे लागतील असे निघाले. स्नेक प्लांट सुंदर दिसतो, दुर्लक्ष सहन करतो, म्हणून ठेवावा. हवेसाठी खिडकी उघडावी. मनाच्या स्वास्थ्याचा दावा त्या मानाने भक्कम आहे. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या सोगा आणि सहकाऱ्यांच्या 22 अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात बागकामाचा उदासी आणि चिंता कमी होण्याशी संबंध दिसला.

मग पैशांचे काय? घरचा टोमॅटो बाजारापेक्षा स्वस्त पडतो हे म्हणणे हिशेबात टिकत नाही. कुंडी, मिश्रण, पाणी आणि वेळ धरला तर तो महागच. पण सगळ्याच पिकांना हा हिशेब लागू नाही. कढीपत्ता, पुदिना, पानओवा, गवती चहा, मायाळू, अळू ही एकदा लावून वर्षानुवर्षे तोडायची झाडे आहेत, आणि त्यांची दोन-चार पानेच हवी असतात, जी बाजारात जुडीनेच घ्यावी लागतात. पालेभाजीतले क जीवनसत्त्व तोडल्यापासून झपाट्याने घटते, तेव्हा चुलीपासून दहा पावलांवरच्या तांदुळज्याला बाजारभाव लावता येत नाही. कोकणातली परसबाग याच हिशेबावर उभी होती: न्हाणीचे पाणी अळवाला आणि केळीला, मांडवावर पडवळ, कोपऱ्यात शेवगा. गोव्याच्या कुळागरात माड, पोफळी, केळी, मिरी, अननस एकमेकांच्या सावलीचा थर वापरून घेतात. बाल्कनीत कुळागर मावत नाही, पण वरच्या झाडाच्या सावलीत खाली काय चालेल हा त्यातला विचार मावतो: शेवग्याच्या ड्रममध्ये पुदिना, कारल्याच्या मांडवाखाली अळू.

राहता राहिले बियाणे. संकरित बियाणे घेऊ नये असे मी म्हणणार नाही. थोड्या जागेत एकसारखे पीक हवे असेल तर ते सोयीचे, फक्त त्याचे बी धरून पुढे उपयोग नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली ती गावरान बियाण्यांच्या जतनासाठी, आणि त्या जतनाचे साधन परसबागच होती. शहरी हौशी माणसाला तसे करायचे असेल तर सुरुवात टोमॅटो, वाल, घेवडा यांपासून करावी. त्यांची फुले बहुतेक स्वतःच्याच परागाने फळतात, त्यामुळे बी बऱ्यापैकी खरे उतरते. वेलभाज्यांचे तसे नाही. त्यांची नर आणि मादी फुले वेगळी, आणि सातव्या मजल्यावर मधमाशी येईलच असे नाही. 'फुले येतात पण फळ धरत नाही' ही तक्रार बहुधा इथूनच येते, आणि तिच्यावर कोणत्याही खताचा उपाय नाही. नर फूल तोडून त्याचा पराग मादी फुलाला लावायचा. काकडी, कारले आणि घोसाळ्याची फुले सकाळी उमलतात; दुधी आणि दोडक्याची संध्याकाळी, तेव्हा हे काम कचेरीतून परतल्यावरही होते. बी धरायचे असेल तर मादी फूल उमलण्याआधीच कागदी पिशवीने झाकावे, पराग लावून पुन्हा झाकावे, आणि ते फळ ओळखू यावे म्हणून देठाला दोरा बांधून वेलावरच पुरते जून होऊ द्यावे.